देणारा हात क्वालालंपूरचा, सही सुलतानाची: मुहिद्दीन यासीन यांची कारकीर्द

प्रश्न दोन भागांत आहे. मलेशियातला मलय नेता राज्य सरकारातून केंद्रात कसा पोचतो? आणि जवळजवळ नऊ वर्षं एक मोठं राज्य चालवलेले, केंद्रात सहा खाती सांभाळलेले मुहिद्दीन यासीन पंतप्रधान झाल्यावर १७ महिन्यांतच पायउतार का झाले?

मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक नाही. कारखाने उभे करून देणं हा माझा धंदा. १९९३ साली जोहोर राज्यातल्या पासिर गुदांगला पाम तेलाच्या एका प्रकल्पावर गेलो, आणि पुढची वीस-बावीस वर्षं जमीन, परवाने, नगरपालिकेचे नकाशे यांच्या फायली घेऊन मलेशियातल्या सरकारी कचेऱ्यांचे जिने चढलो. तिथलं राजकारण मला त्या जिन्यांवर कळलं. त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो.

आधी नावाबद्दल. मलय लोकांत आडनाव नसतं. ‘यासीन’ हे वडिलांचं नाव. ‘यासीन म्हणाले’ असं लिहिलं तर आपण मुलाच्या जागी बापाला बोलतं करतो. म्हणून त्यांना मुहिद्दीनच म्हणायचं. बाकी शब्द मराठी माणसाला परके वाटणार नाहीत. राज्याच्या मुख्यमंत्र्याला तिथे ‘मेन्तरी बसार’ म्हणतात. मेन्तरी म्हणजे आपला मंत्री, बसार म्हणजे मोठा. पंतप्रधान म्हणजे ‘पर्दाना मेन्तरी’, सरळ प्रधान मंत्री. मलय आणि इतर मूळ रहिवाशांना ‘बुमिपुत्रा’ म्हणतात. भूमिपुत्र हा शब्द राजकारणात किती तापतो हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. तिथे तर धोरणंच त्या शब्दावर उभी आहेत.

आता मेन्तरी बसारच्या हातात नेमकं काय असतं? आयकर केंद्राचा, पोलीस केंद्राचे, शिक्षण केंद्राचं, मोठे रस्ते केंद्राचे. राज्याकडे राहतं ते जमीन, जंगल, नद्या, स्थानिक स्वराज्य संस्था आणि इस्लाम धर्मासंबंधीचा कारभार. यादी लहान दिसते, पण जमीन हा शब्द तीत आहे. तिथे नगरपालिकांच्या निवडणुका १९६० च्या दशकातच थांबल्या. नगरसेवक निवडून येत नाहीत, त्यांना राज्य सरकार नेमतं. म्हणजे जमीन कुणाला द्यायची, शेतीची बिगरशेती कधी करायची आणि तिच्यावरच्या इमारतीचा नकाशा कुणी मंजूर करायचा, हे सगळं फिरून एकाच छताखाली येतं.

माझी पहिली फाईल मला अजून डोळ्यांसमोर दिसते. कारखान्याचा उत्पादन परवाना क्वालालंपूरहून आला होता. करसवलतीचं पत्रही आलं होतं. मला वाटलं, झालं काम. मग एका जिल्ह्याच्या जमीन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी केंद्राचं ते शिक्क्याचं पत्र नीट वाचलं, घडी घालून परत माझ्या हातात दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘हे त्यांचं. जमीन आमची.’ जमिनीचा वापर बदलायचा तर राज्याला अधिमूल्य भरायचं, आणि ते ठरवणार राज्याची कार्यकारी परिषद. परिषदेच्या बैठकीत मधोमध बसणार मेन्तरी बसार. त्या काळात त्या खुर्चीत मुहिद्दीन होते.

पण त्या खुर्चीत माणूस बसवतं कोण? घटनेत लिहिलंय की सुलतानाने विधानसभेचा विश्वास असलेल्या सदस्याला नेमायचं. जोहोरची स्वतःची लेखी राज्यघटना १८९५ ची आहे, मलेशिया नावाचा देश जन्मण्याच्या कितीतरी आधीची. मेन्तरी बसार मलय आणि मुसलमान असावा असा तिथला दंडक आहे. हा कागद झाला. प्रत्यक्षात अनेक दशकं नाव ठरायचं अम्नो या सत्ताधारी मलय पक्षाच्या अध्यक्षाकडे, आणि अम्नोचा अध्यक्ष म्हणजे देशाचा पंतप्रधान. राज्याचं पद, देणारा हात क्वालालंपूरचा आणि सही सुलतानाची. मुहिद्दीन यांचं सगळं राजकीय आयुष्य या दोन हातांमध्ये गेलं. दोन्ही हात पाठीवर होते तोवर ते चढत गेले, आणि दोन्ही एकाच पंधरवड्यात निघाले तेव्हा पडले. पुढचं सगळं या एका गोष्टीचा तपशील आहे.

त्यांचा जन्म १५ मे १९४७ चा, जोहोरमधल्या मुआरचा. वडील बुगिस वंशाचे धर्मशिक्षक, आई जावा वंशाची. मुआरच्या हायस्कुलात शाळा, मग मलाया विद्यापीठात अर्थशास्त्र आणि मलय अभ्यास. पदवीनंतर ते राज्याच्या नोकरीत शिरले. काही काळ मुआरमध्येच सहायक जिल्हा अधिकारी होते, आणि १९७४ पासून जोहोरच्या आर्थिक विकास महामंडळात. हे मी मुद्दाम सांगतोय. त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच मलय नेत्यांची सुरुवात भाषणांनी झाली नाही, सरकारी टेबलावर झाली. टिपणी लिहिणं, वरच्याची सही घेणं, खालच्याकडून काम काढणं ही सवय त्यांच्या अंगात शेवटपर्यंत राहिली. १९७८ मध्ये ३१ व्या वर्षी पागोह मतदारसंघातून खासदार झाले, मग परराष्ट्र खात्यात संसदीय सचिव आणि नंतर उपमंत्री.

१९८६ मध्ये त्यांना जोहोरला पाठवलं गेलं. ‘पाठवलं गेलं’ हाच शब्द बरोबर. आधीचे मेन्तरी बसार अब्दुल अजीब अहमद केंद्रात गेले, मुहिद्दीन पागोहची खासदारकी सोडून बुकित सेराम्पांगमधून राज्य विधानसभेवर निवडून आले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी शपथ घेतली. जोहोरचे सुलतान इस्कंदर त्या वेळी देशाचे राजे, म्हणजे यांग दी-पर्तुआन आगोंग, म्हणून क्वालालंपूरला होते. नऊ मलय राजघराण्यांत ते पद पाच-पाच वर्षांनी फिरतं. राज्यात युवराज इब्राहिम प्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होते. तेच इब्राहिम जानेवारी २०२४ पासून देशाचे आगोंग आहेत. मलेशियाच्या राजकारणात माणसं अशी चाळीस-चाळीस वर्षं एकमेकांना ओळखत असतात. आजच्या एखाद्या वाक्याचा अर्थ लावायला तिशी-चाळिशीतली ओळख पाहावी लागते.

वेळ त्यांना चांगली मिळाली, आणि ती त्यांनी वापरली. १९८५ मध्ये मलेशियाची अर्थव्यवस्था आक्रसली होती. त्याच वर्षी येन महाग होऊ लागला आणि जपानी कंपन्या स्वस्त जमीन, स्वस्त मजूर शोधत बाहेर पडल्या. मागोमाग तैवानच्या आल्या. सिंगापूरमध्ये जागा संपत आली होती आणि मजुरी वाढली होती. १९८६ मध्ये मलेशियाने गुंतवणूक प्रोत्साहनाचा नवा कायदा केला. खाडीपलीकडे सिंगापूर, अलीकडे जोहोर, मध्ये एक किलोमीटरचा बांध. १९८९ च्या अखेरीस सिंगापूरच्या गोह चोक तोंग यांनी सिंगापूर, जोहोर आणि इंडोनेशियाचं रियाऊ अशा वाढीच्या त्रिकोणाची कल्पना मांडली. त्रिकोणातलं एकच टोक देशाचं होतं, बाकीची दोन एका राज्याची आणि एका प्रांताची. जोहोरच्या मेन्तरी बसारला परदेशाशी वागावं लागतं, ते असं.

पाण्याचं तर आणखीच. सिंगापूर पिण्याचं पाणी जोहोर नदीतून घेतं, १९६२ च्या कराराने. नदी राज्याच्या यादीत, परराष्ट्र संबंध केंद्राच्या यादीत. नोव्हेंबर १९९० मध्ये लिंगिऊ धरणासाठी झालेला करार सिंगापूरचं पाणी मंडळ आणि जोहोरचं राज्य सरकार यांच्यात आहे, आणि दोन्ही देशांच्या सरकारांनी त्याला हमी दिली आहे. करारात ही हमी का लागली ते समजलं की मलेशियातलं राज्य आणि केंद्र यांचं नातं समजतं. माझ्या मते मुहिद्दीन यांच्या आयुष्यातलं सगळ्यात भरीव काम या नऊ वर्षांतलं आहे, पंतप्रधानपदाच्या काळातलं नाही. मी गेलो तेव्हा पासिर गुदांगच्या रस्त्यावर सकाळी सहाला कामगारांच्या बसची रांग लागायची. दहा वर्षांपूर्वी इथे रबराची आणि पामची झाडं होती, असं आमचा चालक रोज एकदा तरी सांगायचा.

पण जोहोर म्हणजे अम्नोचं माहेरही. १९४६ च्या मे महिन्यात पक्षाची स्थापना जोहोर बहरूमध्ये राजवाड्यात झाली, आणि पहिले अध्यक्ष ओन जाफर पुढे जोहोरचेच मेन्तरी बसार झाले. १९८७-८८ मध्ये पक्ष दुभंगला. तेव्हाचे पंतप्रधान महाथीर थोडक्या मतांनी अध्यक्षपदी टिकले, न्यायालयाने जुना पक्षच बेकायदा ठरवला, आणि ऑगस्ट १९८८ मध्ये जोहोर बहरूच्या पोटनिवडणुकीत शाहरीर समद अपक्ष म्हणून अम्नोला हरवून निवडून आले. माहेरघरातच ही पडझड. अशा काळात मेन्तरी बसारचं खरं काम रस्ते-धरणं नसतं, पक्षाच्या एकेका तालुका शाखेला सांभाळून ठेवणं असतं. मुहिद्दीन महाथीर यांच्या बाजूने राहिले आणि जोहोर हातचं गेलं नाही.

मग १९९२ च्या अखेरीस दुसरी कसोटी आली. सुलतान इस्कंदर यांनी मारहाण केल्याची तक्रार एका हॉकी प्रशिक्षकाने केली. त्यातून १९९३ ची घटनादुरुस्ती झाली आणि राजांना खटल्यांपासून असलेलं संरक्षण गेलं. दुरुस्ती रेटणारा पक्ष मुहिद्दीन यांचा, आणि ज्या सुलतानाच्या सहीने ते खुर्चीत होते ते या वादळाच्या मध्यभागी. मी त्याच वर्षी तिथे पोचलो. कचेऱ्यांत लोक या विषयावर दार लावूनसुद्धा बोलत नव्हते. त्या वर्षीही मुहिद्दीन यांचं पद टिकलं. इतकंच नाही, वर्षाच्या शेवटी ते पक्षाच्या तीन उपाध्यक्षांपैकी एक म्हणून निवडून आले. पुढे पंतप्रधान झालेल्या अन्वर इब्राहिम यांच्या गटातून.

१९९५ मध्ये त्यांची बदली झाली. पुन्हा, बदली हाच शब्द. केंद्रात युवक आणि क्रीडामंत्री असलेले अब्दुल गनी ओथमान जोहोरचे मेन्तरी बसार झाले, आणि मुहिद्दीन केंद्रात युवक आणि क्रीडामंत्री झाले. दोन माणसांनी चक्क खुर्च्या बदलल्या. मतदारांनी जोहोरमध्ये अम्नोच्या आघाडीला भरघोस मतं दिली होती, पण मेन्तरी बसार कोण हे त्यांना विचारलेलं नव्हतं. पहिल्या भागाचं उत्तर कुणाला एका ओळीत हवं असेल तर ही अदलाबदल पाहावी. जोहोर चालवणाऱ्याला क्रीडा खातं म्हणजे बढती की उतरण? पद म्हणून उतरणच. पण पक्षात वर जायचं तर क्वालालंपूरमध्ये राहावं लागतं. १९९६ मध्ये ते उपाध्यक्षपद हरले, २००० मध्ये परत मिळवलं. ग्राहक व्यवहार, कृषी, आंतरराष्ट्रीय व्यापार ही खाती एकामागून एक झाली. त्यात फार थांबण्यासारखं नाही. कुठल्याही खात्यात ते आगीसारखे दिसले नाहीत, कुठेही मोठा घोळ घालून गेले नाहीत.

२००८ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत गेलं, तेव्हा पंतप्रधान अब्दुल्ला बदावी यांनी लवकर जावं असं उघड बोलणाऱ्यांत मुहिद्दीन होते. २००९ मध्ये नजीब रझाक पंतप्रधान झाले आणि मुहिद्दीन उपपंतप्रधान आणि शिक्षणमंत्री. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याचं महाथीर यांचं २००३ चं धोरण त्यांनी फिरवलं. खेड्यातली मलय मुलं त्यात मागे पडतात हा त्यामागचा मुद्दा होता. शहरातले पालक चिडले. माझे तमिळ आणि चिनी सहकारी तर फारच. २०१० मध्ये ते म्हणाले की आपण आधी मलय आहोत, मात्र त्याने आपलं मलेशियन असणं कमी होत नाही. या वाक्याचा पहिला भाग लोकांनी लक्षात ठेवला, आणि मला वाटतं तो ठेवायलाच हवा होता. ज्या देशात जवळपास तिसरा हिस्सा लोक मलय किंवा भूमिपुत्र नाहीत, तिथे उपपंतप्रधानाने हा क्रम सांगावा हे मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं.

आणि तरी २०१५ मध्ये याच माणसाने जे केलं त्याला धाडस लागतं. जुलैमध्ये नजीब यांच्या खात्यात सुमारे ७० कोटी डॉलर आल्याच्या बातम्या छापून आल्या. सरकारी गुंतवणूक कंपनी वनएमडीबीचं प्रकरण होतं. मुहिद्दीन पक्षाच्या जाहीर बैठकीत म्हणाले की लोकांना खरं काय ते सांगितलं पाहिजे. २८ जुलैला त्यांना मंत्रिमंडळातून काढलं, त्याच दिवशी महान्यायवादीही बदलले. जून २०१६ मध्ये पक्षातूनही हकालपट्टी. ज्या पक्षाने त्यांना दोन्हीकडे पाठवलं होतं, तो हात निघाला.

पुढे ते महाथीर यांच्याबरोबर नवा पक्ष काढतात, बेरसातू. ९ मे २०१८ ला स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा सत्तांतर होतं, जोहोरही पहिल्यांदा अम्नोच्या हातून जातं, महाथीर पुन्हा पंतप्रधान आणि मुहिद्दीन गृहमंत्री होतात. त्याच वर्षी स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी झुंजून परत येतात. एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्या निवडणुकीत त्यांनी लोकसभेची पागोह आणि राज्याची गांबीर अशा दोन्ही जागा लढवल्या आणि दोन्ही ठेवल्या. मलेशियात ते चालतं. देशाचा गृहमंत्री, आणि त्याच वेळी जोहोरच्या विधानसभेतला एक आमदार. जोहोरमधला पाय त्यांनी कधी पूर्ण उचलला नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये त्या सरकारची मोट सुटली. महाथीर यांनी राजीनामा दिला, तेव्हाचे आगोंग, पहांगचे सुलतान अब्दुल्ला, यांनी दोन दिवस खासदारांना राजवाड्यात बोलावून एकेकाचं मत घेतलं, आणि १ मार्चला मुहिद्दीन यांना शपथ दिली. पाठीशी होता तोच अम्नो, ज्याने त्यांना चार वर्षांपूर्वी हाकललं होतं. म्हणजे एक हात उसना घेतलेला आणि दुसरा राजवाड्याचा.

लोकांची अडचण होती तेव्हा ते बरे वागले हे मी मान्य करतो. १८ मार्चपासून टाळेबंदी, २५० अब्ज रिंगिटचं मदतीचं पॅकेज, आणि दूरदर्शनवर येऊन संथपणे बोलणं, शेवटी प्रार्थना. लोक त्यांना ‘आबा’ म्हणजे बाबा म्हणू लागले. पण मे महिन्यात केंद्राने उद्योग उघडायचे ठरवले तेव्हा अनेक राज्यांनी ऐकलं नाही. केदाह, केलांतान, पहांग, सबाह यांनी आपापल्या तारखा ठरवल्या, आणि यातल्या काही राज्यांत तर मुहिद्दीन यांच्याच मित्रपक्षांची सरकारं होती. मशिदी कधी उघडायच्या हेही प्रत्येक राज्याने वेगळं ठरवलं. स्वतः मेन्तरी बसार राहिलेल्या पंतप्रधानाला याचं आश्चर्य वाटलं नसावं. ‘हे त्यांचं, जमीन आमची’ हे वाक्य त्यांनी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने नऊ वर्षं वापरलं होतं.

संसदेतला आकडा त्यांना कधीच सुखाने झोपू देत नव्हता. २२२ जागांच्या सभागृहात १५ डिसेंबर २०२० ला अर्थसंकल्प १११ विरुद्ध १०८ ने मंजूर झाला. तीन मतं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी आणीबाणीची विनंती केली ती आगोंगनी नाकारली होती. जानेवारी २०२१ मध्ये साथ वाढल्यावर ती मान्य झाली, ऑगस्टपर्यंत, आणि संसद बंद राहिली. इथे माझ्या मते त्यांची मोठी चूक झाली. संसद बंद असेपर्यंत कुणी आकडा मोजू शकत नव्हतं, पण आकडा वाढतही नव्हता. प्रशासक माणसाला सभागृह ही अडचण वाटते. जोहोरमध्ये ती खरोखर अडचणच होती, कारण तिथलं बहुमत वरून ठरलेलं असायचं. क्वालालंपूरमध्ये त्यांना वर कुणीच नव्हतं.

२६ जुलै २०२१ ला कायदामंत्र्यांनी संसदेत सांगितलं की आणीबाणीचे अध्यादेश मागे घेतलेत. २९ जुलैला राजवाड्याने पत्रक काढलं की याला राजाची संमती नव्हती. मलेशियात राजवाडा पंतप्रधानाच्या सरकारला असं जाहीर सुनावत नाही. ३ ऑगस्टला अम्नोच्या अध्यक्षांनी पाठिंबा काढल्याचं सांगितलं. विरोधकांना सुधारणांचा प्रस्ताव देऊन पाहिला, कुणी घेतला नाही. १६ ऑगस्टला राजीनामा.

त्यानंतर मार्च २०२२ च्या जोहोर विधानसभा निवडणुकीत ते उभेच राहिले नाहीत. त्यांच्या आघाडीला ५६ पैकी ३ जागा मिळाल्या, अम्नोच्या आघाडीला ४०. मार्च २०२३ मध्ये पदाच्या गैरवापराचे आरोप त्यांच्यावर ठेवले गेले. उच्च न्यायालयाने त्यांना त्या आरोपांतून मोकळं केलं, अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आरोप पुन्हा उभे केले. आरोप त्यांनी नाकारले आहेत, आणि निकाल लागेपर्यंत त्यावर मी मत देणार नाही.

मधली एक घटना मात्र सांगायला हवी. नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. मुहिद्दीन यांच्या आघाडीकडे ७० हून जास्त जागा होत्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक इस्लामी पक्ष पासच्या. आगोंगनी त्यांना आणि अन्वर यांना, म्हणजे १९९३ च्या त्याच जुन्या सोबत्याला, समोर बोलावून एकत्र सरकार करा असं सुचवलं. मुहिद्दीन यांनी बाहेर येऊन पत्रकारांना सांगितलं की आपल्याला एक कागद दिला होता आणि आपण त्यावर ‘सहमत नाही’ अशी सही केली. दोन दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, अन्वर पंतप्रधान झाले. अम्नो त्यांच्याबरोबर गेला.